काळ्या अस्वलाची धनुष्यबाणाने शिकार : नवख्याने धोका नेमका कुठे ओळखावा

काळे अस्वल हे उत्तर अमेरिकेत सर्वाधिक संख्येने आढळणारे अस्वल आहे, आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत व कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत ठरलेल्या हंगामात परवाना घेऊन त्याची शिकार करणे कायदेशीर आहे. भारतात परिस्थिती याच्या अगदी उलट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार इथे अस्वलाची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. त्यामुळे हा लेख मुख्यतः अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेल्या आणि तिथल्या मित्रांच्या किंवा सहकाऱ्यांच्या सोबतीने पहिल्यांदाच धनुष्य घेऊन रानात जाऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. शिकार योग्य की अयोग्य, या वादात तो शिरत नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी : मेळघाटात किंवा ताडोबात दिसणारे आपले अस्वल ही निराळी जात आहे, तिचा स्वभावही निराळा आहे, आणि पुढे दिलेला सल्ला तिच्या बाबतीत वापरू नये.

या शिकारीचे नाव काढताच अस्वल अंगावर येईल ही भीती सर्वांत आधी मनात येते. ती अनाठायी नसली, तरी नवख्या माणसाला जायबंदी करणाऱ्या गोष्टींच्या क्रमात ती बरीच खाली आहे. खरे धोके झाडावर चढताना, स्वतःच्याच बाणाच्या पात्याजवळ आणि बाण सुटल्यानंतरच्या काही तासांत असतात. ते तिथे का असतात हे समजण्यासाठी बाण जनावराला कसा मारतो, हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

बंदुकीची गोळी वेगामुळे शरीरात शिरताना आजूबाजूच्या ऊतींनाही मोठी इजा करते. बाणाकडे तसा वेग नसतो. त्याच्या टोकाशी बसवलेली धारदार पोलादी पाती रक्तवाहिन्या आणि फुप्फुसे कापत जातात, आणि जनावर मरते ते रक्तस्रावाने. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलेल्या बाणाने अस्वलाची शुद्ध काही सेकंदांत हरपते. मात्र पूर्ण वेगात काळे अस्वल ताशी सुमारे ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर धावते, आणि त्या थोड्या सेकंदांत ते दाट झाडीत दिसेनासे होते. बाकीचे सारे यातूनच निघते. बाण नेमका लागायला हवा म्हणून शिकाऱ्याला जवळ, साधारण २० यार्डांच्या आत जावे लागते. एवढ्या जवळ अस्वलाच्या नाकापासून आणि नजरेपासून वाचण्यासाठी तो झाडावरच्या मचाणावर बसतो. आणि जनावर जागेवर न पडल्यामुळे त्याला माग काढत झाडीत शिरावे लागते. जवळ जाणे, उंच बसणे आणि माग काढणे या तिन्ही गोष्टींसोबत आपापला धोका येतो.

मचाण

धनुर्धारी शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींमध्ये मचाणावरून पडणे हे फार मोठे कारण आहे, आणि या विषयाचे प्रत्येक प्रशिक्षण त्यावर सर्वाधिक वेळ देते. पाच-सहा मीटर उंचीवरून पडलेल्या माणसाचा मणका मोडू शकतो आणि रानात एकटा असेल तर तो मदतीसाठी हाक मारण्याच्या स्थितीतही राहत नाही. बसल्या बसल्या डुलकी लागून पडणारे असतातच. त्याहून जास्त सावध राहायचे ते चढताना, उतरताना आणि शिडीवरून मचाणावर पाय टाकतानाच्या त्या एका पावलात. त्यामुळे ‘वर पोहोचल्यावर पट्टा बांधू’ ही सवय मुळातच चुकीची आहे. पाय जमिनीवरून उचलण्याआधी शरीर झाडाशी जोडलेले असले पाहिजे, आणि परत जमिनीला पाय लागेपर्यंत ते सुटता कामा नये.

यासाठी पूर्ण शरीराचे हार्नेस, म्हणजे खांदे, कंबर आणि मांड्या यांना एकत्र बांधणारा पट्ट्यांचा साज लागतो. केवळ कमरेचा किंवा छातीचा पट्टा पडताना शरीर आवळतो आणि जीवघेणा ठरू शकतो. मचाणाच्या वरच्या बाजूपासून जमिनीपर्यंत सोडलेली जीवनदोरी आणि तिच्यावर सरकणारी प्रुसिक गाठ ही सर्वांत भरवशाची व्यवस्था आहे. गाठ हाताने वर-खाली सरकते, पण अचानक भार आला की दोरीला घट्ट पकडून बसते. बसल्यावर हार्नेसचा पट्टा डोक्याच्या उंचीवर आणि जवळजवळ ताणलेला असावा. तो जितका सैल, तितके पडण्याचे अंतर आणि बसणारा झटका जास्त. मचाण बांधताना, जेव्हा जीवनदोरी अजून लावलेली नसते, तेव्हा झाडाभोवती फिरणारा लाइनमन पट्टा वापरावा.

हार्नेसने पडणे थांबवले म्हणजे संकट टळले, असे मात्र समजू नये. हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळत राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि फार वेळ न जाता शुद्ध हरपू शकते. म्हणून हार्नेससोबत मिळणारा पाय टेकवण्याचा पट्टा हाताशी ठेवावा, त्यात पाय घालून उभे राहता येते का, हे घराच्या अंगणात, जमिनीपासून हातभर उंचीवर, कोणाला तरी सोबत घेऊन प्रत्यक्ष करून पाहावे. माझ्या मते पहिल्या हंगामापूर्वीचा हा सराव नेमबाजीच्या सरावाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण टाळतात.

धनुष्य हातात किंवा खांद्यावर घेऊन कधीही चढू नये. ते जमिनीवर ठेवावे, वर जाऊन स्वतःला बांधून घ्यावे आणि मग दोरीने वर ओढावे. मागच्या वर्षीपासून झाडावरच राहिलेले मचाण असेल तर त्याचे पट्टे ऊन-पावसाने कुजलेले, खारींनी कुरतडलेले किंवा झाडाच्या वाढीने ताणलेले असू शकतात. ते बदलल्याशिवाय त्यावर वजन टाकू नये.

धनुष्य आणि पाती

आजचे बहुतेक शिकारी कप्प्यांचे कंपाउंड धनुष्य वापरतात. पूर्ण ओढल्यावर त्याचा बराचसा भार कमी होतो. ६० पौंड ताणाच्या धनुष्यात ही सूट ८० टक्के असेल, तर नेम धरताना हातावर १२ पौंडच राहतात. त्यामुळे नवखा माणूस पेलणार नाही इतका ताण निवडण्याच्या मोहात पडतो. बसलेल्या अवस्थेत, थंडीत, जाड कपड्यांत, धनुष्य आकाशाकडे न उचलता सरळ समोर ओढता आले पाहिजे; ते जमत नसेल तर ताण कमी करावा. मात्र प्रत्येक राज्याने मोठ्या जनावरांसाठी ठरवलेल्या किमान ताणाच्या खाली जाऊ नये.

बाण न लावता ओढलेली दोरी सोडणे हा धनुष्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. बाणाकडे जाणारी सारी ऊर्जा धनुष्याच्याच भुजांत शिरते, भुजा तडकतात आणि तुकडे चेहऱ्यावर उडू शकतात. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी लावण्याआधी हलका वाकवून आणि पिळून, कुठे चीर दिसते का किंवा करकर आवाज येतो का, ते पाहावे, कारण तडा गेलेला बाण सुटताना फुटून धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. क्रॉसबो (बंदुकीसारखा घोडा असलेले आडवे धनुष्य) वापरणाऱ्याने अंगठा आणि बोटे दोरीच्या मार्गाखालीच ठेवावीत.

शिकारीच्या बाणाचे पाते हाताने घट्ट करू नये. त्यासाठी मिळणारा छोटा पानाच वापरावा. भात्याची वरची बाजू पाती पूर्ण झाकणारी असावी, आणि चालताना बाण धनुष्यावर लावून ठेवू नये. पात्याने मांडीत किंवा मनगटात झालेली जखम मिनिटांत प्राणघातक ठरू शकते, म्हणून खऱ्या दर्जाचा टुर्निके (रक्तस्राव थांबवण्यासाठी हातापायाभोवती आवळायचा पट्टा) आणि रक्त थांबवणारी जाळीदार पट्टी पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी न ठेवता एका हाताने काढता येईल अशा खिशात ठेवावी. घरच्या माणसाला मचाणाचे ठिकाण आणि परतण्याची वेळ लिहून द्यावी. जिथे मोबाइलला रेंज नसते तिथे उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र जवळ असावे.

बाण सोडावा की न सोडावा

माझे मत स्पष्ट आहे : या शिकारीतली सुरक्षितता मुख्यतः याच क्षणी ठरते. चुकीच्या कोनातून सोडलेला एक बाण एका जिवाला तासन्‌तास यातना देतो आणि शिकाऱ्याला जखमी अस्वलाच्या मागे अंधाऱ्या झाडीत नेतो. दया आणि सावधगिरी इथे वेगळ्या राहत नाहीत.

अस्वल पूर्ण आडवे उभे असेल, किंवा किंचित आपल्यापासून दूर वळलेले असेल, तेव्हाच बाण सोडावा. समोरून येणाऱ्या, आपल्याकडे तोंड करून बसलेल्या किंवा मचाणाच्या थेट खाली उभ्या असलेल्या अस्वलावर बाण सोडू नये. समोरून छातीची जाड हाडे आड येतात. थेट वरून सोडलेला बाण बहुधा एकच फुप्फुस कापतो, आणि एका फुप्फुसावर अस्वल फार दूर जाऊ शकते. याच कारणासाठी मचाण फार उंच आणि लक्ष्याच्या फार जवळ बांधू नये. उंची वाढते तसा कोन तीव्र होतो आणि मर्मस्थानाचा आकार लहान होत जातो.

हरणाच्या शिकारीचा अनुभव असणाऱ्यांचीही इथे फसगत होते. अस्वलाच्या पोटाखाली लोंबणाऱ्या केसांमुळे त्याचे शरीर आहे त्यापेक्षा खाली भासते आणि बाण खाली लागतो. पुढचा फरा भक्कम हाडांचा आणि स्नायूंचा असतो, त्यात बाण अडकतो. म्हणून जवळचा पुढचा पाय पुढे पडेपर्यंत थांबावे आणि शरीराच्या उंचीच्या मध्यावर, त्या पायाच्या थोडे मागे नेम धरावा. काळ्या अंगावर, काळोख पडू लागल्यावर, हा बिंदू डोळ्यांना सापडत नसेल तर त्या दिवशीची शिकार संपली असे समजावे.

पिल्ले सोबत असलेली मादी बहुतेक ठिकाणी कायद्याने वर्ज्य आहे. पिल्ले बऱ्याचदा आईच्या मागे काही मिनिटांनी येतात, त्यामुळे एकटे दिसलेले अस्वल लगेच एकटे समजू नये. जिथे ग्रिझली ही मोठी, तपकिरी अस्वलेही राहतात, तिथे ओळख पटवणे हा आणखी मोठा प्रश्न आहे. रंगावर अजिबात विसंबू नये, कारण काळ्या अस्वलांत तपकिरी, दालचिनी आणि फिकट पिवळसर रंगही आढळतात. खांद्यावरचा उंचवटा, चेहऱ्याची बाजूने दिसणारी रेषा, कानांचा आकार आणि नख्यांची लांबी एकत्र पाहावी लागते. मोंटाना राज्य काळ्या अस्वलाचा परवाना देण्याआधी ही ओळख तपासणारी परीक्षा घेते. अमेरिकेत अलास्का सोडल्यास उरलेल्या मुख्य भूमीवर ग्रिझलीला १९७५ मध्ये केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळाले. पहिल्या हंगामासाठी मेन, मिनेसोटा किंवा विस्कॉन्सिन यांसारखे ग्रिझली नसलेले राज्य निवडावे, असा माझा आग्रह आहे.

बाण सुटल्यानंतर

हा टप्पा सर्वांत अवघड आहे, कारण इथे उत्साह आणि शहाणपण एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. बाण लागल्यावर अस्वल कुठल्या झाडाजवळून गेले, शेवटचा आवाज कुठून आला, हे मचाणावरूनच मनात पक्के करावे. मरताना अस्वल कधी कधी एक लांब, खोल कण्हण्याचा आवाज करते. तो ऐकू आला तरी खाली धाव घेऊ नये.

खाली उतरल्यावर आधी बाण पाहावा. त्यावर फेसाळ, गुलाबी-लाल रक्त असेल तर फुप्फुस लागले आहे. तरीही किमान अर्धा तास थांबावे. रक्त गडद असेल तर यकृत लागले असण्याची शक्यता असते आणि काही तास थांबावे लागते. बाणाला हिरवट, दुर्गंधीयुक्त द्रव लागला असेल तर बाण आतड्यांतून गेला आहे, आणि अशा वेळी आठ तास किंवा त्याहून अधिक थांबण्याचा सल्ला अनुभवी शिकारी देतात. लवकर मागे लागल्यास पडून राहिलेले जखमी अस्वल पुन्हा उठते, दूर जाते, आणि क्वचित उलटतेही.

अस्वलाचा रक्ताचा माग हरणासारखा स्पष्ट नसतो. चरबीचा जाड थर जखमेचे तोंड बुजवतो आणि दाट केस टीपकागदासारखे रक्त शोषून घेतात, त्यामुळे पहिले तीस-चाळीस मीटर जमिनीवर एक थेंबही दिसत नाही असे होऊ शकते. नवख्याला वाटते की नेम चुकला, आणि तो बेसावधपणे झाडीत फिरू लागतो. म्हणून माग कधीही एकट्याने काढू नये. एकाने जमिनीकडे पाहावे आणि दुसऱ्याने फक्त पुढे आणि बाजूला. ज्या झुडपात रांगत जावे लागेल त्यात शिरू नये. वळसा घालून पलीकडे माग सापडतो का ते पाहावे, किंवा उजाडण्याची वाट पाहावी. अनेक राज्यांत दोरीने बांधलेल्या प्रशिक्षित कुत्र्याच्या मदतीने जखमी जनावर शोधण्याची परवानगी असते. सोबत बंदूक ठेवता येते का, रात्री दिवा आणि धनुष्य एकत्र बाळगता येतात का, याचे नियम राज्यागणिक बदलतात आणि ते आधीच वाचलेले असावे लागतात. पडलेल्या अस्वलाजवळ मागच्या बाजूने जावे आणि लांब काठीने उघड्या डोळ्याला स्पर्श करून पापणी हलते का ते पाहावे.

अस्वलाचा स्वभाव आणि मिरचीचा फवारा

अस्वलांचे अभ्यासक स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९०० ते २००९ या काळात उत्तर अमेरिकेत मोकळ्या काळ्या अस्वलांच्या हल्ल्यात ६३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतल्या ८८ टक्के घटनांमध्ये अस्वल माणसाकडे भक्ष्य म्हणून पाहत होते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, फुस्कारणारे, जबडा आपटणारे, जमिनीवर पंजा मारणारे अस्वल बहुतेक वेळा ‘दूर हो’ एवढेच सांगत असते. आवाज न करता, नजर न हटवता मागे मागे येणारे अस्वल जास्त धोकादायक असते. पळू नये. झाडावर चढून बचाव होत नाही, कारण काळे अस्वल उत्तम चढते. आणि हल्ला झालाच तर मेल्याचे सोंग घेऊ नये, हाताला येईल त्याने चेहऱ्यावर आणि नाकावर प्रहार करत लढावे. बचावासाठी हल्ला करणाऱ्या ग्रिझलीच्या बाबतीत दिला जाणारा सल्ला याच्या उलट असतो, म्हणून ओळख इथेही महत्त्वाची ठरते.

मचाणावर बसलेल्या शिकाऱ्याला कधी कुतूहलाने शिडी चढू लागलेले अस्वल भेटते. अशा वेळी मोठ्याने बोलावे आणि पाय आपटावा. माणूस आहे हे कळताच ते बहुधा उतरते. पिल्ले आपल्याच झाडावर चढली तर खाली उतरण्याचा प्रयत्न करू नये, ते कुटुंब निघून जाईपर्यंत बांधलेल्या अवस्थेत बसून राहावे. अंधार पडल्यावर, अस्वलाला जवळ आणण्यासाठी ठेवलेल्या आमिषाच्या जागेवर अस्वल असताना खाली उतरणे हाही नाजूक प्रसंग असतो. सोबत्याने ठरल्या वेळी आवाज करत, दिवा घेऊन येण्याची व्यवस्था केली तर तो सहज निभावतो. आमिष ठेवणे मेन आणि मिनेसोटात कायदेशीर आहे, तर कोलोरॅडोत १९९२ च्या जनमतापासून त्यावर बंदी आहे.

अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा कमरेला किंवा छातीवर असावा, पिशवीत नव्हे. अलास्कातील १९८५ ते २००६ या काळातील घटनांच्या अभ्यासात तो वापरला गेला तेव्हा काळ्या अस्वलांचे त्रासदायक वर्तन ९० टक्के वेळा थांबले. अस्वल आठ-नऊ मीटरवर आले की समोर आणि थोडा खाली फवारा मारावा, वाऱ्याचा अंदाज ठेवावा, आणि डब्यावरची मुदत तपासावी. अमेरिकेत तो विमानाच्या सामानातही नेता येत नाही. मुक्कामाच्या गावात विकत घ्यावा लागतो.

परवान्याआधी शिकारी-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम बहुतेक राज्यांत नवख्यांना सक्तीचा असतो आणि काही ठिकाणी धनुष्यासाठी वेगळे प्रमाणपत्र लागते. भारतातून भेटीला आलेल्या नातेवाइकांना हौसेने बरोबर नेण्याचा विचार असेल, तर अलास्कात अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या परदेशी नागरिकांना मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी परवानाधारक वाटाड्या घेणे बंधनकारक आहे, हे लक्षात ठेवावे.

मांस

अस्वलाच्या स्नायूंत ट्रायकिनेला या कृमीच्या अळ्या असू शकतात, आणि उत्तरेकडील प्रदेशांत आढळणारी तिची जात गोठवूनही मरत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात साउथ डकोटात एका कुटुंबाच्या स्नेहभेटीत कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातून आणलेल्या काळ्या अस्वलाच्या मांसाचे कबाब केले होते. मांस घरच्या फ्रीझरमध्ये ४५ दिवस ठेवलेले होते. रंगाने गडद असल्यामुळे ते कच्चे राहिल्याचे सुरुवातीला लक्षात आले नाही. सहा जण आजारी पडले, आणि त्यांतल्या दोघांनी मांस खाल्लेच नव्हते, फक्त त्याबरोबर शिजवलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. त्यामुळे एकाच भांड्यात शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थ शिजवणाऱ्या घरांनी इथे विशेष काळजी घ्यावी. मांसाच्या सर्वांत जाड भागात तापमापक खुपसून आतले तापमान किमान ७४ अंश सेल्सियस झाल्याची खात्री करावी, रंगावरून अंदाज बांधू नये, आणि कच्च्या मांसाची सुरी, पाट व भांडी वेगळी ठेवावीत. जेवणानंतरच्या काही आठवड्यांत ताप, तीव्र स्नायूदुखी किंवा डोळ्यांभोवती सूज आली, तर अस्वलाचे मांस खाल्ल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण ही लक्षणे एरवी साध्या फ्लूसारखी वाटतात आणि जंगली मांसाचा उल्लेख झाल्याशिवाय या आजाराची तपासणी सहसा केली जात नाही.